डोळ्यातून पाणी वाहतंय, मग कोरडा कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. डोळे तपासण्याच्या कामात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा हा प्रश्न माझ्या वाट्याला सारखा येतो. अक्षरं लख्ख दिसतात, पण डोळ्यात कचरा गेल्यासारखं खुपतं. ‘ऑपरेशन बिघडलं का, मॅडम?’ तपासावं तर आत बसवलेली लेन्स जागेवर, नजर छान. डोळा तेवढा कोरडा पडलेला. तसं म्हटलं की समोरून ओला रुमाल दाखवला जातो.

पाणी गळतंय ते कोरडेपणामुळेच. डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर कायम असतो. तळाशी चिकट श्लेष्मा, मग पाणी आणि वर पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येणारं तेल. हा थर लवकर फाटला की डोळा चुरचुरतो आणि अश्रुग्रंथी भराभर पाणी सोडते. ते डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळतं. वाचताना मध्येच धूसर होतं आणि पापणी मिटली की स्वच्छ दिसतं, तेही यामुळेच.

ऑपरेशनसाठी कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक आवरणाच्या, कडेला २ ते ३ मिलिमीटरची चीर देतात. त्यात बारीक नसा कापल्या जातात. डोळ्याला कोरडेपणाची जाणीवच कमी होते, म्हणून पापण्यांची उघडझाप मंदावते, अश्रूही कमी येतात. नसा पुन्हा वाढतात. बहुतेकांचा त्रास तीनेक महिन्यांत ओसरतो. त्यात भर ऑपरेशननंतरच्या औषधी थेंबांची. अनेक बाटल्यांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवणारं रसायन) असतं आणि ते अश्रूंचा थर बिघडवतं. (पण म्हणून औषध परस्पर बंद करू नका. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब चालतील का, हे डॉक्टरांना विचारा.) कृत्रिम अश्रूंचे थेंब घालायचे, दोन औषधांमध्ये पाचेक मिनिटं जाऊ द्यायची, पडद्यासमोर बसलात तर मुद्दाम पापण्या मिटायच्या. पापण्यांना शेक द्यायचा तो डॉक्टरांनी सांगितल्यावरच. ताज्या जखमेवर दाब नको.

दुखणं वाढत गेलं, लाली चढली, नजर एकाएकी उतरली किंवा डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखं झालं, तर तो कोरडेपणा समजून घरी थांबू नका. त्याच दिवशी दाखवा.

मला खरं खटकतं ते वेगळंच. पुष्कळांचा डोळा ऑपरेशनच्या आधीच कोरडा असतो, पण मोतीबिंदूच्या धूसरपणात ते कुणाच्या लक्षात येत नाही. बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना कॉर्नियाची गोलाई मोजतात. तिच्यावरचा अश्रूंचा थर फाटका असेल तर ते मापच चुकू शकतं. तपासणी किती सोपी! पापणीत कागदाची पट्टी ठेवून ५ मिनिटांत ती किती भिजते ते पाहायचं, किंवा पिवळा रंग घालून थर किती सेकंदांत फाटतो ते मोजायचं. १० सेकंदांच्या आत फाटला तर कोरडेपणाची शंका घ्यायची. दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरली असेल, तर नंबर काढायच्या आधी ही तपासणी मागून घ्या. कोरडेपणा निघाला, तर आधी त्यावर उपचार करून माप पुन्हा घेता येतं.