लॉन्ड्रोमॅटमधला दीड तास

घरचं मशीन बंद पडलं म्हणून आज पोतंभर कपडे घेऊन लॉन्ड्रोमॅटला, म्हणजे पैसे टाकून मशीनवर आपले कपडे आपणच धुवायच्या दुकानात गेले, इथे अमेरिकेत, अटलांटातच. शेजारी एक कृष्णवर्णीय आजी चादरींच्या घड्या घालत होत्या, कोपऱ्याला कोपरा असा की इस्त्रीच नको. म्हणाल्या, माझी पणजी गोऱ्यांचे कपडे धुवायची, सोड्याने बोटं सोललेली असायची.

मग 1881 चा संप आठवला, याच शहरातल्या धोबिणींचा. जुलैत 20 जणींनी सुरू केला आणि बघता बघता सुमारे 3000 झाल्या, मागणी काय तर 12 पाउंड कपड्यांना 1 डॉलर! महिन्याची कमाई 4 ते 8 डॉलर. कृष्णवर्णीय वस्ती एवढी मोठी पण बायकांना दुसरं काम कोणी देईना, मग धोबीण इतकी स्वस्त की गरीब गोऱ्यांनाही परवडायची.

मला आपलं वाटायचं की आपली माणसं जास्त तिथे आपली वट जास्त. पण समाजशास्त्रज्ञ ह्यूबर्ट ब्लॅलॉक 1967 मध्ये उलटंच लिहून गेलेत, अल्पसंख्य वाढले की बहुसंख्यांना धास्ती वाटते नि भेदभाव वाढतो. त्यात अमेरिकेच्या 1938 च्या किमान वेतन कायद्यातून तेव्हा घरकामवाल्या बाहेरच ठेवल्या होत्या, म्हणजे बाई म्हणूनही मार आणि रंगाचाही.

जाताना आजींनी माझी बेडशीट ओढून घेतली, म्हणाल्या, अगं अशी नाही घालत घडी.