जी मेजरमधली सात नृत्ये

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखच्या सहा फ्रेंच सुइट्सपैकी पाचवी मला सर्वांत प्रिय आहे. सुइट म्हणजे एकाच स्वरपट्टीतल्या नृत्यरचनांची मालिका. ‘फ्रेंच’ हे नाव बाखने दिलेले नसून पुढे रूढ झालेले आहे. तो जर्मनीतल्या कोथेनच्या दरबारात असताना, १७२२ मध्ये, पत्नी आना माग्दालेना हिच्यासाठी सुरू झालेल्या वहीत पहिल्या पाच सुइट्सची आरंभीची रूपे आढळतात. आलमांद, कुरांत, साराबांद, गाव्होत, बुरे, लूर आणि जीग ही या सुइटमधली सातही नृत्ये जी मेजर या एकाच स्वरपट्टीत आहेत आणि प्रत्येकाचे दोन भाग असून दोन्ही पुन्हा वाजवायचे असतात. स्वरपट्टी तीच, रचनेचा साचाही तोच. तरीही कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक नृत्यात वजन कुठे पडते आणि पाऊल कुठून उचलले जाते, हे बदलत राहते. गाव्होत बारच्या, म्हणजे मात्रांच्या ठरावीक गटाच्या, मधोमध सुरू होते, तर बुरे बारच्या शेवटच्या एका मात्रेवरून उडी घेते. दोन्ही नृत्ये वेगवान असली, तरी एवढ्या फरकाने त्यांची चाल निराळी होते.

साराबांदपाशी मात्र थांबायलाच हवे. स्पेनमध्ये हे नृत्य इतके उच्छृंखल मानले गेले, की १५८३ मध्ये त्यावर बंदी आली. तेच फ्रान्सच्या दरबारात संथ आणि भारदस्त झाले. त्याच्या तीन मात्रांपैकी दुसरीवर बहुधा भार असतो. हार्पसिकॉर्ड या पियानोपूर्व वाद्यावर पट्टी कितीही जोराने दाबली तरी आवाजात फारसा फरक पडत नाही, म्हणून हा भार जोराने दाखवताच येत नाही. स्वर किंचित उशिरा लावून, तो जास्त वेळ धरून किंवा त्यावर अलंकार घालून दाखवावा लागतो. पियानोवर वाजवणाऱ्यानेही हे आधी शिकावे असे मला वाटते, कारण नुसत्या जोरावर विसंबले, की साराबांदचा डौल हरवतो.

पुनरावृत्ती गाळून वाजवण्याची सवय मला खटकते. ‘इंग्लिश सुइट्स’ या आपल्याच दुसऱ्या संचातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सुइटमधल्या साराबांदसाठी बाखने अलंकृत रूपे स्वतंत्रपणे लिहून ठेवली आहेत, त्यावरून पुन्हा वाजवताना ओळखीच्या स्वरांना किती नटवता येते याची कल्पना येते. पुनरावृत्ती गाळणारा वादक नेमकी ही संधी सोडून देतो.

अखेरच्या जीगमध्ये एकामागून एक आवाज, म्हणजे स्वतंत्र स्वरओळी, तोच विषय (मुख्य धून) घेऊन प्रवेश करतात. दुसऱ्या भागात बाख तो विषय उलटा करतो, म्हणजे चढणारे स्वर उतरतात आणि उतरणारे चढतात. ही कारागिरी काटेकोर आहे, पण बारा-सोळांशच्या, म्हणजे बारमध्ये बारा झटपट स्वरांच्या, त्या धावत्या लयीत ती कुठेही जड होत नाही.