सर म्हणाले, ‘तू जा’

कोकणातल्या सरकारी रुग्णालयात भाद्रपदाचा ड्युटी चार्ट कसा लागतो, हे कुठल्याही नियमावलीत सापडणार नाही. ऑगस्टमध्येच इन्चार्ज सिस्टर वही घेऊन फिरायला लागतात आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, “तुमचा किती दिवसांचा?” दीड दिवसाचा गणपती असणाऱ्याने चतुर्थी आणि पंचमी घ्यायची आणि तिसऱ्या दिवशी निमूट हजर व्हायचं. गौरीबरोबर विसर्जन असणाऱ्याला गौरीचे दिवस मिळतात. अनंत चतुर्दशीपर्यंत बसवणारे सगळ्यांच्या बदली ड्युट्या करून आरतीपुरते घरी पळतात. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, “गौरी-गणपती. सासरी. आणि पहिला ओवसा आहे.”

सिस्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. “मग पूजनाचा दिवस मोकळा. नाइट करून सकाळी नऊला सुटायचं. मागे वळून बघायचं नाही.”

मी मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजात मेडिसिनची रेसिडेंट. 2020 च्या अधिसूचनेनंतर प्रत्येक पीजी विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. डीआरपी म्हणतात त्याला, म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम. तिसऱ्या ते पाचव्या सत्रात कधीतरी पाळी येते. मी कोकण मागून घेतलं, कारण सासर गुहागर तालुक्यात. नवरा मात्र मुंबईत नोकरीला. म्हणजे लग्नाच्या पहिल्या वर्षात मी तीन महिने सासूच्या जवळ आणि नवऱ्यापासून लांब, असा उलटा संसार झाला.

ओवशाबद्दल थोडं सांगायला हवं. लग्नानंतर सून पहिल्यांदा गौरीपुढे सुपं ओवाळते, तो ओवसा. पाच सुपं, त्यांत फळं, भाज्या, नारळ, विडे. आमच्याकडे सुपं माहेरून येतात. पण तो कुठल्याही वर्षी होत नाही. पावसाचं पूर्वा नक्षत्र चालू असताना गौरी आल्या तरच. 2023 मध्ये गणपतीच उशिरा आले होते, तेव्हा आमच्या भावकीतल्या नव्या सुना तशाच राहिल्या. 2024 मध्ये गौरीपूजन 11 सप्टेंबरला, पूर्वा नक्षत्रात. सासूबाईंनी लग्नाच्या याद्या होत असतानाच ही तारीख काढून ठेवली होती, असा मला दाट संशय आहे.

आता आमच्या दोघांच्या एका कराराबद्दल. पहिल्या वर्षात मी नवऱ्याला “जमलं तर येते”, “बघते”, “राउंड लवकर संपला तर” अशी उत्तरं देत होते आणि तो बिचारा त्या भरवशावर सिनेमाची तिकिटं काढून लॉबीत उभा राहत होता. भांडणं झाली ती मी न गेल्याने झाली नाहीत, माझ्या ‘बघते’मुळे झाली. मग ठरलं की उत्तर दोनच द्यायची, हो किंवा नाही. हो म्हटलं की हो. त्यामुळे मी बहुतेक वेळा नाहीच म्हणायचे, आणि गंमत म्हणजे त्याने बरंच सुरळीत झालं. तो एकटा जायचा, मित्रांना न्यायचा, रुसायचा नाही.

11 तारखेला पहाटे साडेपाचला मी त्याला मेसेज टाकला, “हो.” वॉर्ड शांत होता. तो गणपतीसाठी गावी आलाच होता. तवसाळहून फेरीबोटीत बाइक घालून जयगडला उतरायचं आणि मला घ्यायला यायचं, असं ठरलं होतं.

सहाच्या सुमाराला कॅज्युअल्टीतून फोन आला. तिशीतला माणूस, नालासोपाऱ्याहून गणपतीला आलेला चाकरमानी. रात्री वाडीत जाखडीचा नाच झाला, एकच्या पुढे झोपला, पहाटे पोटात कळा येऊन उठला. दोन उलट्या. भाऊ म्हणाला, “गौरीचं जेवण नाय तर अजून काय. आणि जाग्रण. डोळे बघा ना कसे झालेत.”

मी डोळेच बघत होते. पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. झोप आलेल्या माणसाला हाक मारली तर तो क्षणभर तरी डोळे उघडतो. हा कपाळाला आठ्या घालून पापण्या उचलायचा प्रयत्न करत होता आणि त्या उचलल्या जात नव्हत्या. “झोपला कुठे होतात?” “खाली, माजघरात.” घरात पंचवीस माणसं, पलंग एक.

फुरसं चावलं तर कोकणात कुणी डॉक्टरची वाट बघत नाही. पाय सुजतो, हिरड्यांतून रक्त येतं, आणि बहुतेकदा नातेवाईक मेलेलं फुरसं पिशवीत घालूनच आणतात. मण्यारीचं तसं नाही. ती रात्री उंदीर-पालींच्या मागे घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दात इतके बारीक की खूण सापडत नाही. सूज नाही, आग नाही. चावलेल्याला जागही येत नाही कधीकधी. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या, मग घसा, मग श्वास. चार दिवस घरभर माणसं जमिनीवर झोपलेली असतात, म्हणजे सण या सापाच्या सोयीचाच.

“एका श्वासात एकपासून मोजा,” मी म्हटलं. तो अकरापर्यंत गेला. डावीकडे, उजवीकडे, पाय, हात, अंगभर खूण शोधली. नाही. पुन्हा मोजायला लावलं. सात. रक्त काचेच्या नळीत 20 मिनिटं ठेवलं होतं, ते व्यवस्थित गोठलं. घोणस-फुरशात गोठलं नसतं. सरांना फोन लावला.

“उशीवरून डोकं उचलतोय का?”

“नाही, सर.”

“मग साप दिसायची वाट बघू नकोस. दहा व्हायल सुरू कर, ट्यूबची तयारी ठेव. मी निघालो.”

अँटिस्नेक व्हेनमच्या दहा व्हायल, शेजारी रिअ‍ॅक्शन आलीच तर अ‍ॅड्रेनलिन भरून ठेवलेली सिरिंज. निओस्टिग्मिन नावाचं औषधही देऊन बघितलं. नागाच्या विषात त्याने पापण्या उघडताना दिसतात. मण्यारीत सहसा काही होत नाही, कारण तिचं विष नसेच्या टोकावरच घाव घालतं. जे टोक एकदा गेलं ते औषधाने परत येत नाही, शरीराला ते नव्याने उभं करावं लागतं. तोवर श्वास कुणीतरी द्यायचा. सात वाजता तो चारपर्यंत मोजत होता आणि लाळ गिळता येत नव्हती. साडेसातला ट्यूब टाकली, व्हेंटिलेटर लावला. हात थरथरत नव्हते, हे मला नंतर लक्षात आलं आणि थोडं बरं वाटलं.

सर आठला आले, सगळं तपासलं. नऊला म्हणाले, “आज तुझा ओवसा ना? सिस्टर मला दोनदा बोलल्या. छान सांभाळलंस. आता तू जा.”

नवरा आयसीयूच्या दाराशी उभा होता. त्याने ते ऐकलं. मी एप्रन काढला, बॅग उचलली. जिन्यापाशी तो म्हणाला, “एक विचारू? तो भाऊ मघाशी फोनवर घरी सांगत होता, त्या पोराला आता मोदक देऊ नका, त्याचं पण पोट दुखतंय तर.”

भावाला मी सकाळीच विचारलं होतं, घरात आणखी कुणाला त्रास आहे का. तेव्हा नव्हता. आता नऊ वर्षांच्या पुतण्याचं पोट दुखत होतं. तो कुठे झोपला होता? काकाच्या कुशीत.

108 ला फोन गेला. गाव तासाभरावर. सरांना सांगितलं. ते म्हणाले, “बरोबर आहे, येऊ दे. मी आहे ना इथे. तू जा.”

मी गेले नाही.

हे लिहायला बसले ते या वाक्यासाठी. घरी आपण नेहमी सांगतो, सोडत नाहीत. बहुतेक वेळा ते खरं असतं. 1992 च्या केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलंय की सलग ड्युटी साधारणपणे 12 तासांपेक्षा जास्त नसावी, आठवड्याला 48 तास. 2023 च्या पीजी नियमांत ‘वाजवी’ तास आणि वर्षाला 20 किरकोळ रजा आहेत. पहिल्या वर्षाच्या कुठल्याही रेसिडेंटला हे वाचून दाखवा, तो हसेल. सलग दीड दिवस जागून, त्यानंतर पेशंटच्या नातेवाइकांचं ऐकून घेऊन, हॉस्टेलवर बूट न काढता झोपणारे आम्ही. त्याबद्दल भांडायला हवं आणि लोक भांडतातही. पण त्या दिवशी मला सोडलं होतं. दोनदा. आणि मला त्या पोराच्या पापण्या बघायच्या होत्या. दोन माणसं, एकच साप, एक उशिरा पोचलेला आणि एक कदाचित वेळेवर. हे मला पुस्तकात मिळणार नव्हतं. याला कर्तव्य म्हणायचं तर म्हणा. मला त्यात हावही दिसते. ज्यांच्याशी आपण संसार करतो त्यांना ही हाव कळते. आपण ड्युटीच्या आड लपवतो म्हणून त्यांना जास्त राग येतो.

नवरा काही बोलला नाही. खाली जाऊन दोन चहा घेऊन आला. मग म्हणाला, “आईला काय सांगू? इमर्जन्सी आली, सोडलं नाही?”

“सोडलं होतं म्हणून सांग. मीच राहिले.”

“ते ऐकून जास्त चिडेल.”

“चिडू दे.”

“तुला म्हणायला काय जातंय,” तो म्हणाला. “तिथे मी असणार आहे.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने फोन केला आणि मी सांगितलं तसंच सांगितलं. पलीकडून काय आलं ते मला विचारायची हिंमत झाली नाही. तो मात्र निघाला नाही. सुपं ओवाळायला सूनच लागते, मुलाचं तिथे काय काम, असं म्हणून बाकावर बसून राहिला.

पोरगा साडेदहाला आला. चालत आला, स्ट्रेचर नको म्हणाला. पापण्या किंचित जड. बारकाईने बघितलं तरच कळावं. एका श्वासात बावीसपर्यंत मोजलं, वर “अजून मोजू?” विचारलं. त्यालाही दहाच व्हायल. आई घाबरली, एवढ्याशा पोराला मोठ्यांएवढं औषध? तिला सांगितलं, साप पोराला बघून कमी विष सोडत नाही, म्हणून औषधही कमी करायचं नसतं. संध्याकाळपर्यंत मी त्याला दर थोड्या वेळाने मोजायला लावत होते. तो कंटाळून उलटं मोजायला लागला. ट्यूब लागली नाही.

घरी माणसांनी माजघर रिकामं केलं, तेव्हा गुंडाळलेल्या गोधड्यांच्या ढिगाखाली ती सापडली. काळी, अंगावर पांढरे आडवे पट्टे. फोटो आला तेव्हा दुपार झाली होती.

काकाची गोष्ट लांबली. दुसऱ्या दिवशी त्याचं बोटही हलत नव्हतं. पापण्या उघडून टॉर्च मारला तर बाहुल्या मोठ्या आणि तशाच. बघणाऱ्याला वाटावं, संपलं. मण्यारीच्या पेशंटबाबत इथेच घोळ होतो. माणूस आत जागा असतो, ऐकत असतो, फक्त एकही स्नायू त्याचं ऐकत नसतो. मी त्याच्या बायकोला सांगितलं, बोला त्यांच्याशी, ऐकू येतंय. ती आधी लाजली. मग जवळ जाऊन म्हणाली, “तुमाला सांगितलं होतं ना, पलंगावर झोपा म्हणून.” आणि जी सुरू झाली ती भेटायची वेळ संपेपर्यंत थांबली नाही. नालासोपाऱ्याची खोली, पोरीची फी, जाऊबाईंनी नेलेली पैठणी, सगळं.

पुढच्या आठवड्यात ट्यूब निघाली. घसा बसलेला, आवाज नाही. पाणी प्यायला, बायकोकडे बघितलं आणि खरखरत म्हणाला, “पलंगावर मावशी झोपली होती.”

सासूबाई माझ्याशी गौरी विसर्जनानंतरही बोलल्या नाहीत. मी गावी गेले तेव्हा ताट वाढलं, हवं-नको बघितलं, पण वाक्य नाही. भावकीत त्यांना चार जणींनी विचारलं असणार, सून कुठाय म्हणून, आणि त्यांनी काय उत्तर दिलं असेल ते मला माहीत नाही. घरच्यांनी समजून घ्यावं असं आम्ही रेसिडेंट फार सहज म्हणतो. त्यांनी वर्षभर आधी ठरवलेला एक दिवस मी माझ्या मर्जीने मोडला होता. त्यांनी का समजून घ्यावं?

मुंबईला परतले त्यानंतर त्यांचा फोन आला. क्षेमकुशल नाही, थेट मुद्दा.

“पंचांग बघितलंय. पुढल्या वर्षी पण गौरी पूर्वातच येतायत. एक सप्टेंबरला पूजन. रजा आत्ताच टाक.”

“आई, पुढच्या वर्षी माझी परीक्षा आहे. आणि वर्षभर आधी रजा कुणी घेत नाही.”

“सुपं घेतलीयत मी नवीन. तुझ्या त्या सरांचा नंबर दे.”