कार्ड गेलं, पतसंस्था राहिली

आज क्रेडिट कार्डाची थकबाकी शून्य झाली. लातूरच्या गंजगोलाईत चहाच्या गाड्यावर उभ्या उभ्याच शेवटची रक्कम टाकली.

'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, भरला की झालं, असं लोकांना वाटतं. नाही बाबांनो! उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चालूच राहतं, म्हणजे वर्षाला 40च्या वर. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी वेगळा. शिवाय बाकी असताना नवी खरेदी केली तर बिनव्याजी मुदत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. म्हणून आधी कार्ड फेडलं, गावातल्या पतसंस्थेचं कर्ज मागं ठेवलं. मामा चिडले, "गावातलं देणं आधी दे रे, आम्हाला तोंड दाखवायचंय." मी ऐकलं नाही.

पैसा आला लग्नसराईतल्या पत्रिकांतून. दिवसा ऑफिस, रात्री डिझाइन. 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'खाली एखाद्या पोराचं नाव राहिलं की रात्री साडेअकराला फोन, "दादा, तेवढं घाला की!"

जीव मात्र आईच्या आणि मावशीच्या जात्यावरच्या ओव्यांत. त्यातून दमडी मिळत नाही, तरी रेकॉर्डिंग सोडलं नाही. फक्त माईक घेतला नाही. मोबाइलवरच, पंखा बंद करून. लातूरच्या उन्हाळ्यात मावशी जी काय शिव्या घालते, त्याही रेकॉर्ड झाल्यात.

कार्ड बंद करायचा अर्जही टाकला. बाकी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 7 कामकाजाच्या दिवसांत बँकेला ते बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला 500 रुपये बँकेनं आपल्याला द्यायचे. मोजतोय.