बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडा आणि राजा रविवर्मा

लक्ष्मी विलास राजवाडा हे आजही गायकवाड घराण्याचे राहते घर असल्यामुळे पाहुण्यांना त्यातली मोजकीच दालने खुली असतात. महाराजा सयाजीराव तिसरे यांच्यासाठी मेजर चार्ल्स मँट यांनी त्याचा आराखडा केला आणि त्यांच्या निधनानंतर रॉबर्ट चिझम यांनी १८९० मध्ये काम पूर्णत्वास नेले. दरबार हॉलमध्ये मात्र घाई करू नये. व्हेनिसच्या पद्धतीची मोझेक जमीन, रंगीत काचांच्या खिडक्या आणि स्त्रियांना बसून गाणे ऐकता यावे म्हणून केलेले वरचे सज्जे पाहताना ऑडिओ गाइड थोडा वेळ बंद ठेवणेच बरे. फेलिची या इटालियन शिल्पकाराची शिल्पेही याच फेरीत दिसतात.

अनेक जण एवढे पाहून परततात, याचे वाईट वाटते, कारण खरा ठेवा त्याच आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहे. राजघराण्यातील मुलांच्या शाळेसाठी बांधलेल्या या इमारतीत रविवर्म्याची मूळ तैलचित्रे आहेत. सयाजीरावांनी त्यांच्याकडून १४ पौराणिक चित्रे करवून घेतली होती. गिरगावात १८९४ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्म्याच्या छापखान्यातल्या तसबिरी मराठी घरांच्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या. त्या छापील रंगांची सवय झालेल्या डोळ्यांना ‘शंतनू आणि मत्स्यगंधा’ किंवा ‘विश्वामित्र आणि मेनका’ यांतील त्वचेचा उजाळा आणि वस्त्रांच्या चुण्या अगदी नव्या वाटतात. मी तर मेनकेच्या चित्रापुढून लवकर हलूच शकलो नाही.

जाणाऱ्यांनी संग्रहालयाचे तिकीट वेगळे असते हे ध्यानात ठेवावे आणि सोमवारी सुट्टी असल्याने तो दिवस टाळावा. राजवाड्याच्या आत छायाचित्रणास मनाई आहे. वेळा आणि दर निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत. सकाळी दारे उघडताच संग्रहालय पाहून मग राजवाड्यात जावे, म्हणजे चित्रांपुढे डोळे ताजे राहतात. मुंबई-अहमदाबाद मार्गावरच्या बहुतेक गाड्या बडोद्याला थांबतात आणि स्थानकावरून रिक्षा सहज मिळते. उन्हाळ्यात आवारातले चालणे त्रासदायक होते, तेव्हा हिवाळा निवडावा. वेळ उरल्यास गायकवाडांच्या कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रेही पाहावीत.