मोठ्यांची घटक चाचणी

माणूस चाळिशीपलीकडे गेला की जग त्याला प्रश्न विचारायचं बंद करतं. त्याचा सल्ला घेतात, मत घेतात, वर्गणी तर हमखास घेतात. पण ‘सांगा बघू, ऋतू का बदलतात?’ असं त्याला कुणी म्हणत नाही. त्यामुळे आपल्याला ते अजूनही येतं, अशी एक सुखाची समजूत मनात बसते. मुलांच्या सहामाहीच्या वेळी ती जरा डळमळते, पण तेव्हा ‘आईला विचार’ ही वाट मोकळी असते. आईकडे ‘बाबांना विचार’ असतं. दोघं मिळून मग क्लास लावतात.

आमच्या सोसायटीत कोजागिरीला गच्चीवर दरवर्षी अंताक्षरी होते आणि दरवर्षी ‘ह’ वर येऊन अडते. या खेपेला मी सुचवलं की मोठ्यांसाठी शाळेची परीक्षा घेऊ. सातवीपर्यंतचेच प्रश्न आणि परीक्षक म्हणून मुलं. विषय विज्ञान आणि भूगोल. इतिहास मुद्दाम वगळला; पुण्यात चारचौघांत इतिहासावर प्रश्न विचारायचा तर दुसऱ्या दिवशी त्याच लिफ्टमधून खाली जायचंय याचा आधी विचार करावा लागतो. तिसरा विषय बी विंगमधल्या मावशींनी दिला. मावशी मूळच्या नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती, नोकरीतून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, “तुमचं सगळं आम्हाला येतं. हरतालिकेच्या कहाणीपासून सत्यनारायणातल्या साधुवाण्यापर्यंत. आमचं तुम्हाला काय येतं ते एकदा बघू द्या.” यावर नाही म्हणणं कुणाला शोभलं नसतं. तिसरा विषय बायबल ठरला.

विज्ञानाची सुरुवात सोपी ठेवली होती. इंद्रधनुष्याचे रंग क्रमाने सांगा. अख्खी गच्ची एका सुरात ‘तानापिहिनिपाजा’ म्हणाली. साठीच्या पुढच्या बायकासुद्धा. आता पुढचा प्रश्न: संध्याकाळी इंद्रधनुष्य पडलं तर ते कुठल्या दिशेला दिसेल? शांतता. मग अंदाज सुरू झाले. एकाने पश्चिम सांगितलं, एकाने ‘खडकवासल्याकडे’ असं उत्तर दिलं, जे दिशेचं नाव नाही. खरं तर सूर्य पाठीशी असल्याशिवाय इंद्रधनुष्य दिसतच नाही, म्हणजे संध्याकाळी पूर्व. आणि तांबडा रंग कमानीच्या बाहेरच्या बाजूला की आतल्या? बाहेरच्या. सात अक्षरं पन्नास वर्षं जशीच्या तशी टिकली होती, त्यांच्यामागचं आकाश मात्र कधीच पुसलं गेलं होतं.

मला ही सगळी परीक्षा त्या क्षणी कळली असं म्हणायला हरकत नाही. शाळेतलं आपण विसरलेलो नसतो. वाक्यं जागच्या जागी असतात. ‘प्रत्येक क्रियेस समान परिमाणाची व विरुद्ध दिशेची प्रतिक्रिया असते’ हे कुणीही झोपेतून उठून म्हणेल. कारणे द्या, गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा, यांना पुरेल इतका माल आपण शाळेतून बरोबर आणला. त्यापलीकडचं सामान आणायचं होतं हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि पेपरात ते आलंही नव्हतं.

ऋतूंच्या प्रश्नाला तर मजाच आली. उन्हाळा का होतो? बहुमताने ठरलं की पृथ्वी तेव्हा सूर्याच्या जवळ येते. यात वीज मंडळातून निवृत्त झालेले आमचे शेजारी काका सर्वांत पुढे. मुलगी मेलबर्नला असल्यामुळे ते दर डिसेंबरात तिकडे जातात आणि अर्ध्या चड्डीतले फोटो पाठवतात. त्यांना विचारलं, “काका, पृथ्वी जवळ आली तर ती अख्खीच येईल ना? मग डिसेंबरात आपण स्वेटरमध्ये आणि तुम्ही चड्डीत कसे?” काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, “ते दक्षिणेकडे आहेत.” हे उत्तर बरोबरच होतं, फक्त ते ज्या उत्तराच्या विरुद्ध होतं ते काकांचंच होतं.

पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर; जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत लांब, १५.२ कोटींवर. ऋतू होतात ते तिचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून. काकांना वाईट वाटू नये म्हणून मी तिथेच सांगून टाकलं की १९८७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदानाला असलेल्या पदवीधरांना, माजी विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना कॅमेऱ्यासमोर हेच विचारलं होतं, ऋतू किंवा चंद्राच्या कला, आणि तेविसांपैकी एकवीस जण चुकले होते. काकांची कळी एकदम खुलली. “म्हणजे आपण हार्वर्डच्या लायनीत आहोत,” ते म्हणाले.

चंद्राचं तर सांगायलाच नको. डोक्यावर कोजागिरीचा चंद्र, पातेल्यातल्या मसाला दुधात त्याचं प्रतिबिंब पाडायची बायकांची खटपट चाललेली, आणि खाली सगळे सांगतायत की चंद्र लहान-मोठा होतो तो पृथ्वीच्या सावलीने. सावली पडली तर ग्रहण होईल हो, अष्टमी कशी होईल? हे नुसतं सांगून पटेना, तेव्हा पाचवीतल्या एका मुलीने सूत्रं हाती घेतली. गच्चीचा दिवा घालवला, भावाच्या हातात मोबाइलचा टॉर्च देऊन त्याला टाकीच्या कठड्यापाशी उभं केलं, तो सूर्य. आजोबांच्या हातात टेनिसचा पिवळा चेंडू दिला आणि म्हणाली, “हात लांब करा, डोक्याच्या थोडा वर. आता जागच्या जागी फिरा.” आजोबांचा गुडघा दुखरा, तेव्हा तिने त्यांना कोपराला धरून हळूहळू फिरवलं. टॉर्चकडे तोंड असताना चेंडू काळा. जरा वळले तर कडेला एक नखभर उजेड. काटकोनात आले तेव्हा बरोबर अर्धा. टॉर्चकडे पाठ झाली आणि चेंडू पूर्ण उजळला. त्याच्या अंगावरचे पिवळे केससुद्धा वेगवेगळे दिसत होते. “अरेच्चा,” आजोबा म्हणाले, आणि सांगितलं नव्हतं तरी आपणहून आणखी एक फेरी मारली. हा माणूस आयुष्यभर दर संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत उपास सोडत आलाय. चतुर्थीचा चंद्र उशिरा का येतो हे त्यांनी मग त्या चेंडूवरच जुळवून पाहिलं, आणि रांगेत उभे राहिलेल्या इतरांना चेंडू लवकर मिळाला नाही.

पाणी किती अंशांना उकळतं याला सगळ्यांनी शंभर सांगितलं. पुण्यात नाही. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर हवेचा दाब कमी, तेव्हा आपला चहा अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतो. यावर ‘म्हणूनच मुंबईचा चहा वेगळा लागतो’ असा एक सिद्धान्त लगेच मांडला गेला. तो तपासलेला नाही.

भूगोलात खरी भांडणं झाली, आणि ती व्हावीत म्हणूनच तो प्रश्न काढला होता. पुण्यात पडलेला पाऊस शेवटी कुठल्या समुद्राला मिळतो? अरबी, अर्थात. समुद्र तर शंभर किलोमीटरवर आहे, आपण शनिवार-रविवार जाऊन येतो. पण मध्ये सह्याद्री उभा आहे, आणि पाण्याला ताम्हिणीचा घाट चढता येत नाही. मुठा संगमापाशी मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला, भीमा रायचूरच्या बाजूला कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला. हजारावर किलोमीटरचा प्रवास. हे वाचून दाखवेपर्यंत लिफ्टपाशी उभा असलेला आमचा वॉचमन, इंदापूरकडचा, आपसूकच म्हणाला, “आमच्याकडंच येतंय की उजनीत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर दिसतं.” त्याने हा धडा पुस्तकात वाचला नव्हता, धरणाचं पाणी त्यांच्या शिवारापर्यंत आलेलं होतं. तेवढ्यात कुणाला तरी आठवलं की उजनीच्या पुढे पंढरपूर, आणि तीच भीमा म्हणजे चंद्रभागा. मग आपलं सांडपाणी? सोलापूरकर किती वर्षं ओरडतायत ते हेच. गच्चीवर निम्म्याहून जास्त घरं वारीला फराळ वाटणारी. विषय बदलायची घाई झाली.

बदलला काकांनीच. ते वीज मंडळातले, असं सोडणार थोडेच. “प्रश्न अर्धवट आहे,” ते म्हणाले. “मुळशी धरणाचं पाणी टाटांनी बोगद्यातून भिऱ्याच्या वीजकेंद्रावर उतरवलंय. ते पुढे कुंडलिकेतून अरबी समुद्राला जातं. कोलाडला मुलं राफ्टिंग करतात ना, ते आपल्या मुळेचं पाणी. तेव्हा अरबी समुद्र हेही बरोबर.” आणि हे अगदी खरं होतं. परीक्षक मुलांनी आपापसांत बोलून अर्धा गुण दिला. काकांनी पूर्ण मागितला.

त्यात पुढचा प्रश्न त्यांच्याच वाट्याला आला: पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर कधी येतो? “रोज बारा वाजता,” काका म्हणाले, आणि हे उत्तर इतक्या खात्रीने आलं की दोन-तीन मुलांनी खाली कागदात पाहिलं. वर्षातून दोनच दिवस येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला. जुलैतला दिवस ढगांत जातो. काकांनी यावर ‘बघू’ इतकंच म्हटलं.

बायबलच्या फेरीत आमची लाज निघणार हे ठरलेलंच होतं. ती कशी निघेल एवढंच बघायचं होतं. ख्रिस्ती धर्माविषयीचं पुणेकराचं ज्ञान पंचहौद मिशनच्या चहापाशी सुरू होतं आणि बिस्किटापाशी संपतं. १८९० साली तिथे जमलेल्या मंडळींत टिळक, रानडे होते, नावं वर्तमानपत्रात छापून आली, मिशनचा चहा घेतला म्हणून ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण झालं, प्रायश्चित्तं झाली, हे आमच्यातल्या एकाने तासभर सांगितलं असतं. त्या मिशनमधल्या पुस्तकात काय लिहिलंय, हे विचारल्यावर त्याने दूध घेतलं. एक जण मराठीत एम.ए. झालेले. फादर स्टीफन्सने मराठीची थोरवी गायलेली ओवी त्यांनी खड्या आवाजात म्हटली, टाळ्याही मिळाल्या. “आणि ती ओवी ज्या पुराणात आहे त्यात गोष्ट कुणाची आहे?” मावशींनी विचारलं. १६१६ सालचं ते ख्रिस्तपुराण म्हणजे ओव्यांमध्ये सांगितलेली बायबलमधलीच कथा. एम.ए.ना पेपरात ओवी येत होती. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं हेही गच्चीवर दोघांनाच माहीत होतं. त्यातल्या एक मावशी.

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या दोन-तीन जणी मात्र जोरात होत्या. ‘मोशेने तारवात प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले?’ या प्रश्नाला त्यांनी एका क्षणात ‘दोन’ म्हणून हात वर केले. तारू नोहाचं. मोशे त्याच्या कितीतरी पिढ्या नंतरचा. हा जुना सापळा आहे. १९८१ साली मानसशास्त्रज्ञांनी त्यावर प्रयोग केला, तेव्हा नोहाची गोष्ट चांगली ठाऊक असलेली माणसंही त्यात अडकली होती. मावशींनी तिथे आणखी एक टोला हाणला: “आणि दोनच कशाला? शुद्ध पशू सात-सात घ्यायला सांगितलंय. उत्पत्ती, अध्याय सात.” येशूच्या जन्मानंतर पूर्वेकडून किती ज्ञानी आले? तीन, सगळे म्हणाले. मत्तयाच्या शुभवर्तमानात आकडाच नाही. भेटी तीन आहेत, सोनं, ऊद आणि गंधरस. आदाम-हव्वेने काय खाल्लं? सफरचंद. तिथे नुसतं फळ म्हटलंय. पुस्तकं किती, या प्रश्नावर तर मावशींनी आम्हालाच उलट विचारलं, “कुणाची? आमच्यात सहासष्ट, कॅथलिकांच्यात त्र्याहत्तर.” प्रश्न रद्द करावा लागला.

एका नास्तिक म्हणवणाऱ्या गृहस्थांना मात्र खूप येत होतं. मी मावशींना म्हटलं, २०१० साली अमेरिकेत प्यू संस्थेने धर्मज्ञानाची चाचणी घेतली होती, बत्तीस प्रश्नांची, त्यात सरासरी सोळाच बरोबर आले आणि सर्वांत पुढे होते ते नास्तिक आणि अज्ञेयवादी, जवळजवळ एकवीस. मावशींना नवल वाटलं नाही. “भांडायचं तर अभ्यास लागतो,” त्या म्हणाल्या. “आम्हाला नुसतं सकाळी उठून प्रार्थना करायची असते.” पण त्यांचे सगळे बरोबर आले होते, म्हणून हे त्यांना परवडत होतं.

निकालावर हरकती आल्या. पायऱ्यांना गुण द्या, निगेटिव्ह मार्किंग आधी सांगायला हवं होतं, ओवीला निदान अर्धा तरी. मुलांनी कुणाचंच ऐकलं नाही. रोज आपल्याला जे ऐकवलं जातं तेच त्यांनी आई-बापांना ऐकवलं: “येत होतं तर लिहायचं होतं.”

मग मे महिन्यात, सगळे आपापल्या घरी पंख्याखाली पडलेले असताना, सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा फोटो आला. तापलेली गच्ची, मधोमध स्टीलचा उंच पेला, आणि त्याच्याभोवती कुठेही सावली नाही. एका कोपऱ्यात काकांच्या चपलेचा अंगठा. खाली मजकूर होता: “सावली गायब. मान्य. मात्र ही घटना १२ वाजता नव्हे, १२ वाजून ३१ मिनिटांनी घडली, कारण भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे आणि आपण पश्चिमेला आहोत. प्रश्नपत्रिकेत याचा उल्लेख नव्हता. सबब उरलेला अर्धा गुण मिळावा.”