मूठ वर, म्हणजे मी शेवटचा

आई फोनवर विचारायची, "एवढ्या बर्फात सुट्टीच्या दिवशी तुम्ही लोक करता तरी काय?" मी सांगायचो, "बर्फावरून गाडी चालवतो." "जाता कुठं?" "पेट्रोल पंपावर." मग ती फोन बाबांकडे द्यायची. तिला वाटायचं पोरगा थट्टा करतोय, पण उत्तर बऱ्यापैकी खरं होतं. स्नोमोबाइलची लांबची सफर आखायची ती पंपापासून पंपापर्यंत. माझी टाकी साधारण ४० लिटरची. ताज्या, सपाट वाटेवर दोनशे किलोमीटर निघायचे, मऊ बर्फात दीडशेलाच तळ दिसायचा. मधे गाव नाही, मोबाइलला रेंज नाही. आदल्या रात्री मोटेलच्या पलंगावर नकाशा पसरून जो हिशोब चालायचा, तो आमच्या खाणीतल्या मासिक बैठकीपेक्षा गंभीर असायचा.

मी मूळचा चंद्रपूरचा. मे महिन्यात ४६-४७ अंशांत, कूलरमधल्या वाळ्याच्या वासात वाढलेला. नागपूरला मायनिंग केलं, काही वर्षं वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणींत काढली आणि फिरत फिरत जाऊन पोचलो टिमिन्सला, कॅनडातल्या ओंटॅरिओ प्रांताच्या उत्तर भागात, सोन्याच्या खाणीत. टोरांटोहून सातशे किलोमीटर. टोरांटोतली आपली मंडळी जवळचंच बॅरी ओलांडून कुणाच्या कॉटेजवर राहून आली की "नॉर्थला जाऊन आलो" म्हणतात. टिमिन्समध्ये हे वाक्य मी एकदा बोलून दाखवलं, तर शिफ्टबॉसच्या नाकातून कॉफी आली.

पहिला हिवाळा मी खिडकीतून बाहेर बघण्यात घालवला. दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी याच शिफ्टबॉसनं त्याची जुनी स्लेड मला विकली. (तिकडे स्नोमोबाइल असं कुणी म्हणत नाही. स्लेडच.) वर दमही दिला, "घरात बसून राहिलास तर मार्चपर्यंत भिंतींशी बोलायला लागशील."

गाडी म्हणाल तर पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, मधे टू-स्ट्रोक इंजिन. गिअर नाहीत, कायनेटिक होंडासारखा बेल्टचा कारभार. ॲक्सिलरेटर मुठीनं पिळायचा नसतो, उजव्या अंगठ्यानं दाबायचा असतो. आठ तास तो अंगठा दाबून झाला की रात्री चमचा धरवत नाही. मुठी गरम राहाव्यात म्हणून आत तारा असतात, अंगठ्याच्या खटक्यातसुद्धा. कोटाला एक दोरी अडकवलेली असते. तुम्ही उडून पडलात की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. ही दोरी लावायला विसरलो तर शिफ्टबॉस मराठी मास्तरांसारखा बघायचा.

वाटांबद्दल सांगितलंच पाहिजे. ओंटॅरिओत स्थानिक क्लबांनी राखलेल्या सुमारे ३०,००० किलोमीटरच्या वाटा आहेत आणि त्यातलं पुष्कळ काम स्वयंसेवक करतात. आपण परमिट काढतो, त्या पैशांतून रात्री ग्रूमर फिरतात. ग्रूमर म्हणजे मोठा ट्रॅक्टर, मागे रंधा मारणारी लांब अवजड चौकट. रात्रीच का, तर थंडी वाढते, वर्दळ नसते आणि दाबलेला बर्फ सकाळपर्यंत घट्ट बसतो. पहाटे निघालात तर वाट शेणानं नुकत्या सारवलेल्या अंगणासारखी दिसते, बोटांच्या रेघांसकट. त्यावर पहिला माग आपला उमटावा म्हणून आम्ही साडेपाचला उठायचो. दुपारपर्यंत त्याच वाटेचा उंटांचा तांडा होतो, एकामागून एक उंचवटे, आणि पाठीचे मणके मोजून होतात.

आम्ही सहा जण. पुढे शिफ्टबॉस, मधे मी, हर्स्टकडचे दोघे फ्रेंच भाऊ आणि मिलमधला एक इलेक्ट्रिशियन. सगळ्यात मागे मूस फॅक्टरी गावाकडचा आमचा एक क्री, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, सहकारी. मला आधी वाटायचं शेवटी राहणारा म्हणजे मागे पडणारा. उलट आहे. नवखा मधे घालतात. पुढे जाणकार लागतो आणि मागे त्याहून जाणकार, कारण शेवटच्याच्या मागे कुणी नसतं. दोर, हत्यारं, जादा बेल्ट सगळं त्याच्याकडे.

समोरून दुसरा गट आला की डाव्या हातानं खुणा करायच्या, कारण उजवा अंगठा कामात असतो. अंगठा खांद्यावरून मागे दाखवला, म्हणजे माझ्या मागे अजून गाड्या आहेत. हात उभा करून मूठ वळली, म्हणजे मी शेवटचा, आता वाट मोकळी. वळणावळणाच्या जंगलात ही मूठ फार मोलाची. आणि फाट्यावरचा नियम: मागच्याचा दिवा दिसेपर्यंत हलायचं नाही. दिसला नाही तर तू मागे जा, मग तुझ्या पुढचाही मागे येईल, करत करत अख्खी माळ परत फिरेल. खुणा पुस्तकात आहेत, पण हा नियम मी खाण्याच्या टेबलावर ऐकला आणि एकदा अनुभवलाही.

तो अनुभव असा. कोक्रेनच्या अलीकडे एका तळ्यावरून वाट जाते, दोन्ही बाजूंना काठ्या रोवलेली. काठ्यांच्या पलीकडे बर्फ इतका कोवळा, अस्पर्श, की मला राहवलं नाही. पन्नास मीटर बाहेर गेलो आणि मागे पाहिलं तर माझ्या मागात पाणी भरत होतं. करडं, चिखलासारखं पाणी. चंद्रपूरच्या माणसाच्या डोक्यात एकच आलं, इरई धरण फुटलं! मी अंगठा सोडला. हीच चूक. बर्फ फुटला नव्हता, खाली अर्धा मीटर जाडीचा पक्का थर होता. वर साचलेल्या हिमाच्या वजनानं तो थर खाली दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि हिमाच्या दुलईखाली न गोठता राहतं. याला स्लश म्हणतात. त्यात शिरलात तर अंगठा दाबून धरायचा आणि निघून जायचं. थांबलात की रुतलात.

मी रुतलो. गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा, हवा उणे २४. क्री सहकारी काठ्यांच्या आतच थांबला, चालत आला, काही बोलला नाही. पायांनी हिम तुडवून त्यानं माझ्या गाडीपुढे एक पट्टा घट्ट केला, दोर लावला आणि तोवर बाकीचे चौघेही परतले होते, त्या पाचही जणांनी ओढून मला बाहेर काढलं. मग गाडी कुशीवर पाडली आणि ट्रॅकमधला सगळा लगदा हातांनी उपसला. तो तसाच राहिला तर अर्ध्या तासात दगड होतो आणि गाडी जागची हलत नाही. मोजे बदलून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "काठ्या कुणीतरी मोजून लावल्यात." त्या दिवसानंतर मी काठीबाहेर गेलो नाही, फोटोसाठीसुद्धा.

कोक्रेनला पांढऱ्या अस्वलाचा मोठा पुतळा आहे. हॉकीपटू टिम हॉर्टन याच गावचा, १९३०चा जन्म. कॅनडाभर कॉफीच्या दुकानांवर त्याचंच नाव. इथूनच उत्तरेला मूसोनीची रेल्वे सुटते, सुमारे ३०० किलोमीटर. तिकडे बारमाही गाडीरस्ता नाहीच.

आता गुळपोळी. बायकोनं संक्रांतीला केलेल्या पोळ्या मी फ्रीझरमध्ये राखून ठेवायचो, फेब्रुवारीतल्या सफरीसाठी. बऱ्याच स्लेडींना सायलेन्सरवर बसवायचा एक पत्र्याचा डबा मिळतो. बाकीचे त्यात सॉसेज ठेवायचे. मी फॉइलमध्ये गुंडाळून गुळपोळ्या ठेवल्या. स्मूथ रॉक फॉल्सच्या पुढे विजेच्या तारांखालच्या मोकळ्या पट्ट्यात थांबलो तेव्हा त्या चटका बसेल इतक्या गरम होत्या, कडेनं गूळ पाझरून फॉइलला चिकटलेला. मी ओरडलो, "हळू, गूळ पोळतो!" पण थोरल्या भावानं घास घेतला होता. मिशीत बर्फाचे खडे, जिभेवर उकळता गूळ, आणि डोळे मिटून तो म्हणाला, "तार्त ओ स्यूक्र!" म्हणजे त्याच्या आजीच्या हातची साखरेच्या सारणाची 'पाय' (pie). तिळाचं काय ते त्याला कळेना, पण पुढल्या प्रत्येक हिवाळ्यात निघण्याआधी त्याचा प्रश्न ठरलेला, "तुझी बायको बरी आहे ना?" त्याचा अर्थ गुळपोळ्या आहेत ना. त्याच थांब्यावर एक करडा पक्षी इलेक्ट्रिशियनच्या हातमोज्यावर बसून सॉसेजचा तुकडा घेऊन गेला. तिकडे त्याला व्हिस्की जॅक म्हणतात, आणि तो आपल्या कावळ्याच्याच गोतातला. श्राद्धाला याला बोलवायला हरकत नाही, असं मला वाटून गेलं.

हर्स्ट गाव जवळजवळ सगळं फ्रेंच. मोटेलबाहेर रांगेत पंचवीस-तीस स्लेडी, खोलीत हीटरवर सहा जणांच्या बुटांची अस्तरं, आणि त्या वासाबद्दल न बोललेलंच बरं. अशा एका रात्री धाकट्या भावानं बाँबार्डिएची गोष्ट सांगितली. क्वेबेकमधल्या व्हॅलकूर गावचा मेकॅनिक. १९३४च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा पोटाच्या दुखण्यानं गेला. रस्ते बर्फाखाली, दवाखान्यापर्यंत न्यायला वाहन नाही. त्या आधीपासून तो बर्फावरची गाडी करण्याच्या खटपटीत होताच. १९३७मध्ये त्यानं सात माणसं बसतील अशी गाडी बाजारात आणली. डॉक्टर, टपाल, शाळेची पोरं असं सगळं तीतून जायचं. एक-दोघांसाठीची हलकी स्की-डू आली ती थेट १९५९मध्ये. सांगताना धाकटा मध्येच थांबला, थोरल्याकडे बघितलं. त्यांच्या घरात १९५०च्या दशकात असंच काही घडलं होतं, ते मला नंतर कळलं.

विषय जड झाला म्हणून शिफ्टबॉसनं प्लेस्टेडचं काढलं. मिनेसोटाचा विमा एजंट. एप्रिल १९६८मध्ये हा गडी तीन साथीदारांसह स्नोमोबाइलनं उत्तर ध्रुवावर पोचला, आणि अमेरिकी हवाई दलाच्या विमानानं वरून जागेची खात्री करून दिली. त्या चौघांत एक बाँबार्डिएचा पुतण्या. मी म्हटलं, आमच्याकडचा एलआयसी एजंटसुद्धा ध्रुवावर पोचेल, समोर गिऱ्हाईक असलं तर.

सगळ्यात लांबचा आणि माझा लाडका दिवस अबिटिबी कॅन्यनचा. १९३३मधलं धरण, भोवती एके काळी कामगारांची वसाहत होती. जाता-येता तीनशेच्या आसपास किलोमीटर, त्यामुळे जादा पेट्रोल मागे बांधून. सकाळी उणे ३८. अशा थंडीत ट्रॅक जमिनीला चिकटलेला असतो. गाडीचं बूड उचलून आपटायचं, मग इंजिन. बेल्टही लाकडासारखा ताठ. पहिले दोन किलोमीटर सावकाश जायचं, हे मला तोंडपाठ होतं, आणि तरी एका सकाळी घाईत अंगठा दाबून मी बेल्टच्या चिंध्या केल्या. दर थांब्यावर हेल्मेट काढून एकमेकांचे गाल तपासायचे, बैलबाजारात दात बघतात तसे. पांढरा ठिपका दिसला की उघडा तळवा त्यावर ठेवायचा, चोळायचं नाही. माझ्या सावळ्या गालावर ठिपका लगेच दिसतो, म्हणून तपासणीचा नमुना नेहमी मीच.

परतीला वाटेत मूस उभी होती. म्हशीहून उंच, काड्यांसारखे पाय. कडेच्या छातीभर बर्फात तिनं का उतरावं? आम्ही इंजिनं बंद केली. वीस मिनिटं ती आमच्याकडे आणि आम्ही तिच्याकडे. क्री सहकारी म्हणाला, वाट तिची आहे, परमिट आपलं आहे. मग ती गेली.

चौथ्या हिवाळ्यात तो सहकारी घराकडे बदली घेऊन गेला. जाताना त्यानं दोराचं वेटोळं माझ्या सीटवर ठेवलं. शिफ्टबॉसनं मान हलवली आणि मी शेपूट झालो. सहा हिवाळे होतो. समोरून येणाऱ्या किती गटांना मूठ दाखवली असेल, मोजदाद नाही. पुढे मुलीच्या कॉलेजसाठी मिसिसागाला आलो. स्लेड विकली, दोर गॅरेजमध्ये आहे.

मागच्या डिसेंबरात चंद्रपूरला गेलो होतो. चुलतभावांनी पहाटे मोटरसायकली काढल्या, मोहर्लीच्या रस्त्यानं ताडोबाकडे. पाच गाड्या, मी सगळ्यात मागे. जंगलातल्या एका वळणावर समोरून एसटी आली, आणि माझा डावा हात आपोआप वर गेला, मूठ वळलेली.

टपरीवर चहा घेताना धाकट्यानं विचारलं, "दादा, मी आरशात पाहिलं. काय करून राहिला होतास तू? इथून गडचिरोली किती दूर आहे, ठाऊक आहे ना तुले?"

मी समजावून सांगायला लागलो, शेवटची गाडी, डावा हात, उजवा अंगठा. कुणाला काही पटलं नाही. एसटीच्या ड्रायव्हरनं मात्र दोनदा हॉर्न दिला होता.